धक्क्यावर ठेवलेले जोडे

पाणी म्हणून या पृथ्वीवर जेवढं काही आहे, त्याबद्दलचं शेवटचं मत कारध्याला राहणाऱ्या माझ्या साडभाऊंपाशी असतं, आणि ते ऐकून घेण्यापासून आजवर कुणीही वाचलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून निवृत्त झाले. पण नोकरीच्या आधी, नोकरीत असताना आणि नोकरी संपल्यावरही त्यांचा खरा मुक्काम वैनगंगेतच. घराणं मासेमारीचं. पहाटे डोंगा घेऊन जाळं टाकायला जाणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसं ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाशी बोलतात. फोनवर बोलतात तेव्हा तर फोनची गरजच नसते. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पहिला घोट तोंडात फिरवतात, छताकडे पाहतात आणि निकाल देतात. भंडाऱ्याला मी घर बांधलं, त्याच्या गृहप्रवेशाला माझ्या शाळेतली सगळी शिक्षकमंडळी पंगतीत बसलेली असताना यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “घर मस्त बांधलं मास्तर, पन पानी मेलेलं आहे.” त्यानंतर पंगतीत कुणी पेल्याला हात लावला नाही. मुख्याध्यापक तर ठसका लागला तरी तसेच बसून राहिले.

असा हा माणूस. मला तो कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा मोठा आवाज, धोतराच्या सोग्याला पुसलेले हात, चारचौघांत मला मारलेली “काहून गा मास्तर” ही हाक, या सगळ्याची मला लाज वाटायची. पण तिरस्कार वाटायचा तो त्यांच्या जेवणाचा. ते जेवायला बसले की ताई, म्हणजे माझी मेव्हणी, पदर खोचून समोर उभी. भात वाढायचा, त्यावर मासोळीचा रस्सा, मग पुन्हा भात. ते मान वर न करता जेवायचे, हात धुवायचे आणि नदीकडे निघून जायचे. मग भांड्यात जे उरलं असेल ते घेऊन ताई चुलीशी बसायची. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्या बायकोला जेवताना पाहिलंच नसावं, असं मी माझ्या बायकोला नेहमी सांगायचो. शाळेत दरवर्षी स्त्री-पुरुष समानतेवर मुलांकडून निबंध लिहून घेणारा माणूस मी. सांगताना माझा आवाज फार चांगला लागायचा.

त्यांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने मागच्या हिवाळ्यात आईबापांसाठी जहाजाची सहल ठरवली. आधी दोन दिवस मुंबईत हॉटेलात राहायचं, मग तीन रात्री जहाजावर. आईबाप दोघंच कसे जातील म्हणून आम्हा नवरा-बायकोचीही तिकिटं तिने काढली. निघायच्या आधी तिने मला फोन केला. म्हणाली, “मावसाजी, मायनं आजवर बाबाच्या बाजूले बसून एक घास खाल्ला नाही. थ्या जहाजावर टेबलापाशी बसवतेत, हातात आणून देतेत. एक डाव तरी दोघं संग बसून जेवले पाहिजेत. मी याच्यासाठीच करून राहिली हे सगळं. तेवढं तुमी पाहा.” मी म्हणालो, “बेटा, तू चिंताच करू नको. ते माझ्याकडे लागलं.” असं मी बोललो होतो, आणि ते मला अजून ऐकू येतं.

मुंबईतल्या दोन दिवसांत साडभाऊंनी माझा जीव नको करून सोडला. हॉटेलच्या न्हाणीघरात टब होता. तो पाहून त्यांनी मला खोलीतून बोलावून नेलं. टबाच्या काठावर बोटं वाजवून म्हणाले, “मास्तर, डोंगा तर चांगला मजबूत आहे. पन हे लोक पानी आतून भरून राहिले.” त्यात बसायला ते तयार झाले नाहीत. बादली मागवली, बादली म्हटल्यावर हॉटेलवाल्यांनी बर्फाची छोटी बादली पाठवली, तर तिच्यानेच आंघोळ केली आणि तासभर केली. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मांडलेला मासा पाहून त्यांनी त्याच्या डोळ्यांत बोट घातलं आणि मला, म्हणजे सगळ्या हॉलला, सांगितलं की हा मरून चार दिवस झाले. संध्याकाळी समुद्र पाहायला गेलो. पायऱ्या उतरून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात फिरवलं आणि थुंकले. मग बराच वेळ त्या अफाट पाण्याकडे ते ज्या नजरेने पाहत राहिले, ती नजर मी फक्त नापास पोराच्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. “एवढं पानी,” म्हणाले, “आन् धानाच्या एका बांधीले कामाचं नाही. हे धानाले दिलं तं धान मरन. मासोळी कशी जगत असन याच्यात? मले तं दया येते बाप्पा.” आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. मी दोन पावलं सरकून उभा राहिलो, म्हणजे आम्ही एकत्र आलो आहोत हे कळू नये.

ताई मात्र त्या दोन दिवसांत वेगळीच होती. जांभळ्या रंगाची नवी साडी तिने जहाजावरच्या जेवणासाठी राखून ठेवली होती, आणि माझ्या बायकोला दहा वेळा विचारलं होतं, “बाई, थ्या टेबलावर काटेचमचेनंच खा लागते का वं? माह्याच्यानं भात सांडला तं?” एका टेबलावर बसून जेवायचं, हे मुलीने दोघांनाही सांगून ठेवलं होतं तर. साडभाऊंसाठीही तिने काळे चामडी जोडे घेऊन दिले होते आणि जुनी चप्पल घरीच ठेवायला लावली होती.

जहाजावर चढायचा दिवस उजाडला. धक्क्यावर लांब रांग होती. सामान आधीच आत गेलेलं. जहाजाला लावलेल्या उताराच्या पुलावरून एकेक माणूस वर जात होता. मी आणि बायको पुढे होतो, ते दोघं आठ-दहा माणसं सोडून मागे. त्यांचा आवाज मला तिथेही ऐकू येत होता. जहाज कुठे जाणार असं ते ताईला विचारत होते, आणि ताई सांगत होती की कुठेच नाही, समुद्रात फिरून इथेच परत. “वापस इथंच यायचं हाय, तं निघून कायले राहिलो?” रांग हसली. मी मागे न पाहता पुढे गेलो.

वर पोचल्यावर मात्र वळून पाहिलं. साडभाऊ पुलाच्या तोंडाशी थांबले होते. त्यांनी वाकून जोडे काढले, कठड्याच्या कडेला नीट जोडून ठेवले, जहाजाच्या पोलादाला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि अनवाणी वर यायला लागले.

आता यातली खरी गोष्ट सांगायला हवी. त्या सगळ्या रांगेत त्यांनी हे काय केलं ते ताई सोडली तर फक्त मला समजलं होतं. आमच्याकडे डोंग्यात जोडे घालून पाय ठेवत नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्यात पायताण न्यायचं नाही. जोडे काठावर काढायचे, परत आलं की घालायचे. त्यांना कुणी हात लावत नाही. माझे आजोबाही असेच काढायचे. माझे आजोबा डोंगा चालवायचे, हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी वरून एक हाक मारली असती, “भाऊजी, जोडे घेऊन या”, तर ते वळले असते. पण रांगेतली एक बाई मोबाइलवर त्यांचं चित्रण करत होती, दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या, आणि मला वाटलं, भोगू देत. एकदा तरी या माणसाला कळू देत. मी तोंड फिरवून आत गेलो.

संध्याकाळी जेवणाच्या दालनाच्या दाराशी आम्ही चौघे उभे राहिलो. ताई जांभळ्या साडीत. आत पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, काचेचे पेले. दाराशी उभ्या असलेल्या कोट घातलेल्या माणसाने साडभाऊंच्या पायांकडे पाहिलं आणि फार आदबीने हिंदीत सांगितलं की इथे रात्रीच्या जेवणाला बंद जोडे लागतात. साडभाऊ म्हणाले, “जोडे काठावर आहेत. वापस आलो का घालीन.” तो माणूस आमच्याकडे पाहू लागला. जहाजावरच्या दुकानात घड्याळं होती, अत्तरं होती, जोडे नव्हते. खोलीत जहाजाच्याच पांढऱ्या कापडी सपाता होत्या, म्हणजे काठावरून आणलेलं पायताण नव्हे; त्या घालून वरच्या मजल्यावर जाता येत होतं, जिथे हातात ताट घेऊन रांगेत उभं राहून आपलं आपण वाढून घ्यायचं असतं.

माझी बायको हळूच म्हणाली, “तुमच्याजवळ दुसरे जोडे असतील ना?”

मी म्हणालो, “नाही आणले.”

आणले होते. बॅग मी स्वतः भरली होती. आमचं दोघांचं मापही एकच. सासुरवाडीला एकमेकांचे जोडे घालून निघून जायची चूक आम्ही कित्येकदा केलेली. ताईने एकदा आत पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चाला जी, वरतं जाऊ.” बायकोला त्यांच्यासोबत जायचं होतं. टेबल आपल्या नावाचं आहे, रिकामं सोडणं बरं दिसत नाही, असं सांगून मी तिला आत नेलं. ती जेवली नाहीच म्हणायची. मी सूप प्यालो, मग आणखी काय काय खाल्लं. शांत, सुरेख जेवण. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर सहज डोकावलो. साडभाऊ कोपऱ्यातल्या टेबलाशी सपाता घालून बसले होते. ताई रांगेत उभी होती. जहाज थोडं हलत होतं. तिने एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हातात ताट धरून भात, रस्सा, मासा आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि उभी राहिली. ते खायला लागले. मग ती पुन्हा रांगेकडे निघाली, बहुधा आणखी भात आणायला. कारध्याचं स्वयंपाकघर समुद्रावर आणून ठेवलं होतं. आणि ते आणून ठेवणारा मी होतो. तरीही त्या दिवशी मी काही केलं नाही. खाली जाऊन दुसऱ्यांदा सूप प्यालो.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारी जोडे हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. साडभाऊ गोल खिडकीतून पाणी पाहत बसले होते. मी म्हणालो, “भाऊजी, हे पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होते.”

ते म्हणाले, “दिसले होते मले. पयल्याच दिवशी तुमच्या खोलीत आलो, तवा पलंगाखाली होते.”

“मग मागितले काहून नाही?”

“तुमचे जोडे हायेत मास्तर.” त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. “तुमी द्याल म्हणून वाट पाहून राहिलो होतो. हिनं साडी घेतली होती ना.”

त्यांनी जोडे घेतले. डोंग्यातला नियम मोडत होते, म्हणून पायात घालण्याआधी जहाजाच्या भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आज त्या दोघांनाच जाऊ द्या. आपण वर जाऊ.”

आम्ही वर गेलो. गर्दी होती, म्हणून मी टेबल धरून बसलो. बायको माझं ताट वाढून घेऊन आली, समोर ठेवलं आणि पाणी आणायला वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेबल धरून बसायला तिला सांगता आलं असतं. पंचवीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. मी ताट तसंच तिच्या बाजूला सरकवलं आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे सरकताना एकदा मागे पाहिलं, तर ती ताटाला हात न लावता माझी वाट पाहत होती.

त्यामुळे या व्यक्तिचित्रात जे सर्वांत महत्त्वाचं जेवण, ते मी पाहिलेलं नाही. साडभाऊंना विचारलं तर म्हणाले, “चांगलं होतं,” आणि विषय बदलला. सकाळी जहाज मुंबईला लागत होतं, तेव्हा ताई कठड्याशी एकटी उभी दिसली. मी जवळ जाऊन म्हणालो, “ताई, माझ्यामुळे दोन दिवस वाया गेले.” तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. किनाऱ्याकडे पाहत म्हणाली, “काल त्याईनं जेवण सुरूच नाही केलं. म्हणे, तू खा पयले. मंग मी खात राहिली आन् थ्ये पाहत राहिले.” मग म्हणाली, “मले लाज वाटली बाप्पा. पन मी उठली नाही.”