टक्कल खोटं बोलत नाही

तेलीबांधा तलावाजवळ गाड्यांचे एसी बसवणारे एक भैया आहेत. त्यांचा आकड्यांवर विश्वास नाही. काम झालं की ते टोपी काढतात, आपलं गुळगुळीत टक्कल हवेच्या जाळीसमोर धरतात आणि डोळे मिटतात. आमच्या गाडीत त्यांनी नवा ऑटोमॅटिक एसी बसवला, तेव्हा मात्र आमचे हे घाईत होते. भैयांची टोपी डोक्यावरच राहिली.

मग आठवडाभर मी ह्यांच्या शेजारी बसून घामानं भिजले. "गरम होऊन राहिलं," म्हटलं की हे एसीच्या पडद्यावर बोट ठेवायचे. "चोवीस दाखवून राहिला ना! गरमी तुझ्याच अंगात आहे." मलाही तसंच वाटू लागलं. शेवटी डॉक्टरकडे निघालो, तर दुकानासमोर भैयांनी हात करून गाडी थांबवली.

"साहेब, माझी परीक्षा राहिली!"

भैयांनी टोपी काढून ह्यांच्या बाजूला टक्कल धरलं. "हव, मस्त." माझ्या बाजूला धरलं आणि झटक्यानं मागे घेतलं.

"दीदी, इथं तर भट्टी आहे! डावीकडची झडप अडकली, चूक माझी. पण तुम्ही बोलल्या काहून नाही?"

मी खाली पाहिलं. बोलले होते, पण ते ह्यांच्यासमोर कसं सांगायचं? भैयांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि किल्ली मागितली.

"साहेब, तुम्ही दीदीच्या जागी बसा. तलावाला चक्कर मारून येऊ. काचा बंद."

मी दुकानात पंख्याखाली बसले. दोघं परत आले तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कपाळ पुसत हे म्हणाले, "डॉक्टरचं काही काम नाही."