बोरस्ते सरांचा आवाज

स्कॅन संपला. स्क्रीनवर नुसत्या मुंग्या. एकही चॅनल सापडला नव्हता.

माझ्या द्वारका चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बोरस्ते सर आणि काकू बसले होते. सर सिन्नरच्या शाळेत मराठी शिकवायचे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. नात त्यानंतर जन्मली. "आजोबा कसे बोलायचे?" असं ती सारखं विचारते, म्हणून दोघं गॅदरिंगची जुनी व्हिडिओ कॅसेट आणि व्हीसीआर घेऊन आले होते. त्यातलं सरांचं भाषण मोबाइलवर हवं होतं.

व्हीसीआरची बाकीची सॉकेट्स तुटलेली. फक्त अँटेनाची वायर चालत होती, आणि त्या वायरीतून व्हीसीआर टीव्हीला एखाद्या चॅनलसारखा दिसतो. मग मी माळ्यावरून टीव्ही ट्यूनर कार्ड काढलं. हे कॉम्प्युटरमध्ये बसवलं की त्यावर टीव्ही दिसतो. क्रिकेटचा सीझन आला की मी अशी कार्डं ढिगानं बसवायचे. ऑफिसातले साहेब हळूच सांगायचे, "मॅडम, पडदा छोटा ठेवा, कोपऱ्यात." काय दिवस होते! आता नवं विंडोज या कार्डाला ओळखतसुद्धा नाही. लिनक्स ही दुसरी सिस्टिम ओळखते, त्यात जुन्या कार्डांचे ड्रायव्हर अजून आहेत, म्हणून तीच लावली.

"ताई, नाय जमत का?" काकूंनी विचारलं.

"थांबा, बघते."

प्रोग्रॅम अमेरिकन पद्धतीनं चॅनल शोधत होता. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी, तिला 'पाल' म्हणतात. ती निवडली, कॅसेट चालू ठेवली आणि पुन्हा स्कॅन लावला. एकच चॅनल सापडला. तोच आमचा व्हीसीआर.

स्टेजवर काळ्याभोर केसांचे सर हातवारे करत बोलत होते. आवाज मात्र नाही.

"चित्र आलं, पण..." काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

या कार्डाचा आवाज एका वेगळ्या छोट्या वायरनं साउंड कार्डात जातो. तशी वायर भंगारातल्या एका मशीनमध्ये मिळाली. ती जोडली, लिनक्समधलं म्यूट काढलं.

"ए मागच्या रांगेतले, गप्प बसा! नाहीतर खाली येऊन एकेकाचा कान धरीन!"

काकू हसता हसता रडायला लागल्या. "लय ओरडायचे हो हे!" सरांचे ओठ भाषणाबरोबर हलत होते.

रेकॉर्डिंग मोबाइलवर दिलं. नातीनं ते ऐकलं आणि विचारलं म्हणे, "आजोबा, मलापण असं रागवाल का?"

तेव्हापासून नुसतं चित्र आलं म्हणून मी काम झालं असं सांगत नाही. आधी आवाज तपासते.