पांडूने सैल सोडलेली दोरी

पांडू गेल्याचं त्याच्या मेव्हण्याने अलिबागच्या शाळेत येऊन सांगितलं. मी फळ्यावर नकाशा काढत होतो; किनाऱ्याची रेघ अर्धीच राहिली... त्याला आता दीड महिना झाला.

थळच्या कोळीवाड्यात आम्ही एकत्र वाढलो. मी मास्तर झालो, तो होडीवर गेला. "तुझ्या हातून काय व्हनार न्हाय," असं त्याचा बाप उठता-बसता म्हणे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत होळीला शिडाच्या होड्यांची शर्यत लागे. पांडूची होडी दरवर्षी सर्वांत पुढे असायची, पण शेवटच्या वळणापर्यंतच. तिथे शीड ढिलं पडे आणि दुसरीच कुठली होडी अलगद पुढे सरकून जाई. लोक वाऱ्याला दोष देत.

एका वर्षी मी त्याच्या होडीत होतो. उन्हात समुद्र दुधासारखा पांढरा झालेला, किनारा धुक्यावर तरंगल्यासारखा... वळण आलं आणि पांडूने आपल्या हाताने दोरी सैल सोडली.

"पांडू, हे काय?"

तो पाण्याकडेच बघत राहिला. "जिकलो तं लोकं म्हनतील, पांडू मोठा नाखवा. पुढल्या वरसाला परत जिकाया लागंल. मना ठावं हाय दत्ता, मी तेवढा न्हाय."

बाप जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

पुढे गावच्या मच्छीमारांनी मिळून पहिली इंजिनाची होडी आणली आणि ती चालवायला नाखवा म्हणून पांडूलाच धरलं. तो चौलला सासुरवाडीत जाऊन लपला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको, चांगुणावहिनी, तिथे गेल्या. "बुडंल म्हनून भ्येता, का तरंल म्हनून?" एवढंच त्यांनी विचारलं. तो त्यांच्याबरोबर परत आला.

पहिल्या दिवशी होडी भरून आली. किनाऱ्यावर नुसता जल्लोष! पांडू मात्र ओल्या वाळूत बसला होता, हात थरथरत होते.

"दत्ता, आता काय करू रं?"

"उद्या परत जा."

तो हसला, आणि गेला. पुढे सात वर्षं जात राहिला. शर्यत मात्र कधीच जिंकला नाही. भीतीही गेली नाही. रोज पहाटे होडीवर चढण्याआधी गुडघाभर पाण्यात उभा राही आणि थरथर थांबेपर्यंत हात बुडवून ठेवी.

परवा पहाटे मी थळला होतो. त्याच्या होडीचे खलाशी एकेक करून पाण्यात वाकले, हात बुडवून क्षणभर थांबले आणि मग वर चढले. मी एकाला विचारलं, तर म्हणाला, "आमच्या नाखवाची रीत हाय, मास्तर. बरकत येते."

मी काही सांगितलं नाही... होडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.