स्टंपमागची अहिराणी

गेल्या रविवारी जळगावच्या ग्राऊंडवर मी माझ्या सासऱ्यांना भर मॅचमध्ये गप्प करायला निघाले होते... आणि केलं नाही. एखादी गोष्ट न केल्याचा इतका आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

आधी थोडं सांगते. मी पिंप्राळ्यात राहते, शाळेत मराठी शिकवते. माझी लेक तेजू विकेटकीपर आहे. राज्यातल्या महिलांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत यंदा ती आमच्याकडच्या टीममधून खेळतेय आणि नशिबाने एक मॅच आमच्याच गावात आली.

तेजूचे हात चपळ, पण ग्राऊंडवर तोंड बंद. आणि कीपरचं अर्धं काम तोंडाचं असतं... बॅटर काय करतेय ते मागून तिलाच नीट दिसतं, ते तिने बोलरला सांगायचं असतं. कोच मॅडमनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, उद्याही गप्प राहिलीस तर पुढच्या मॅचला दुसरी कीपर.

घरी हीच पोरगी बडबडून डोकं उठवते हो. मग तिथेच दातखीळ का बसते? सकाळी ग्राऊंडबाहेर मी जरा रागावूनच विचारलं. पॅडचे पट्टे आवळत ती म्हणाली, "आई, घाईत तोंडात आधी अहिराणी येते. मग मी मनात ते शुद्ध करायला घेते... तोवर बॉल होऊन जातो."

तिच्याकडे बघायला नको म्हणून मी दुसऱ्या पॅडचा पट्टा आवळायला वाकले.

कारण "शुद्ध बोल" हे वाक्य माझं. तेजू लहानपणी प्रत्येक सुट्टीत धुळ्याकडे आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या गावी राहायची आणि 'आठे-तठे' करत परत यायची. मी लगेच सुरू... 'आठे' नाही, 'इथे'. 'शे' नाही, 'आहे'. पुढे एका कॅम्पमध्ये तिच्या तोंडून "आठे टाक" निघालं आणि मुली हसल्या. रडत घरी आली तर मी काय म्हणाले? बघ, मी सांगत नव्हते?

पेरलं मी आणि उगवलं स्टंपमागे.

मॅचला आबा सकाळच्या एसटीने आले होते, पिशवीत शेव आणि केळी घेऊन. प्रेक्षक कितीसे असणार... पाच-सहा पालक आणि सावलीला झोपलेली दोन कुत्री. त्यामुळे ग्राऊंडवरचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. फक्त तेजूचा येत नव्हता.

दोन ओव्हर राहिल्या, समोरच्यांना पंधरा रन हवे. पुण्याकडची ती टीम, त्यांची एक बॅटर चांगली सेट झालेली, पुढे येऊन येऊन मारत होती. आमच्याकडून बोलिंगला साक्रीची निशा, स्पिनर. पहिल्याच बॉलला चौकार गेला. कोच मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या.

तेवढ्यात आबा बाउंड्रीपाशी जाऊन ओरडले, "तेजू, मुकी व्हयनी का व?"

सगळे वळून बघायला लागले. मी सवयीने उठले, "आबा, अहो..." एवढं तोंडातून निघालंही. पण तेजू आबांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या वहीवर मी लाल रेघ मारताना ती बघायची ना, अगदी तशी.

मी खाली बसले आणि हाताने खूण केली... बोल.

निशा बॉल टाकायला वळली आणि स्टंपमागून खणखणीत आवाज आला. "निशा, हायी घर सोडी राहिनी व. तठेच टाक, मी शे ना."

घर म्हणजे क्रीझ, तठे म्हणजे ऑफस्टंपच्या बाहेर. नेटमध्ये दोघी आपसात असंच बोलतात, हे मला नंतर कळलं. बॅटरने मात्र चमकून मागे बघितलं... तिला वाटलं असणार, यांच्या घरी काहीतरी बिनसलंय. निशाने बॉल बरोब्बर बाहेर टाकला, बॅटर पुढे आली, हुकली, आणि तेजूने बेल्स उडवल्या.

मग काय, बाईसाहेब थांबल्याच नाहीत. इतकी वर्षं मी खोडून काढलेले शब्द उरलेल्या दहा बॉलमध्ये एकेक करून परत आले. चार रननी जिंकलो आम्ही. मी इतकी ओरडले की सोमवारी वर्गात माझा आवाजच निघत नव्हता, मुलं खूश.

आबांनी टोपी सारखी केली आणि एवढंच म्हणाले, "बोलनी ना पोर." कोच मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, ती काय बोलत होती त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण पुढच्या मॅचलाही कीपिंग तीच करेल आणि हेच बोलेल. खरं सांगते, तिथेच रडू आलं मला. अभिमान तर होताच... आणि तितकीच शरमही.

तेजू घामाघूम होऊन आली, मागे निशा. "आई, ऐकू आलं का तुला?"

म्हटलं, आज आपणही घरची भाषा बोलू. 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणतात, एवढं मला येत होतं. ऐटीत म्हणाले, "बठ्ठं ऐकू आलं शे."

दोघी हसून हसून खाली बसल्या. तेजूने डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, 'आलं शे' नाही गं. 'ऐकू उनं'. शुद्ध बोल ना जरा."

मग तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, मी तिच्याकडून घ्यायचे तसंच. तिसऱ्यांदा बरोबर आलं... आणि इतकी वर्षं शाळेत बाई असलेली मी, त्या दिवशी माझ्याच लेकीच्या वर्गात पास झाले.