खंडेरावांच्या पाळीतलं पाणी

धुक्यानं मखमलाबादच्या मळ्यात पहाटेपासून ठाण मांडलं होतं. दोन वाफे पलीकडचं माणूस दिसत नव्हतं, नुसता खोकला ऐकू यायचा. मंजुषानं ओलीगार शेवंती खुडून पाट्या भरल्या. तिच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, त्या पिकअपवर चढवल्या आणि तो फूलबाजाराकडं गेला. बधिर झालेली बोटं काखेत दाबत मंजुषा ओट्यावर आली आणि लॅपटॉप उघडून बसली.

ती माहेरची कळवणकडची. कॉम्प्युटर शिकली, नाशकात काही वर्षं नोकरी केली. लग्नानंतर फुलांत रमली, पण हाताची सवय सुटली नाही. उन्हाळ्यात तिनं विहिरीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र सोडलं. त्याचे आकडे ती पायथनच्या शेलमध्ये, म्हणजे ओळीओळीनं आज्ञा लिहायच्या पडद्यावर, घ्यायची आणि आलेख काढायची. पण आलेखाची खिडकी उघडली की ती बंद करेपर्यंत शेल मुकं. पुढची ओळ घ्यायचं नाही, नवा आकडा दाखवायचं नाही. भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखं सगळं थिजलेलं. आज फोटो चालणार नव्हता.

आज तिचे सासरे गोटीराम विहिरीत उतरणार होते. मोटरचा फुटव्हॉल, पाइपाच्या तळाची झडप, गाळात रुतला होता, पाण्याऐवजी हवा ओढत होता. मार्गशीर्षातला गुरुवार तोंडावर आलेला. झाडांना पाणी मिळालं नाही तर कळ्या उमलायच्या आधीच माना टाकणार.

विहीर दोघा भावांची. एक दिवस गोटीरामांची पाळी, एक दिवस थोरल्या खंडेरावांची. खंडेराव पावसाळ्यात वारले. वर्षश्राद्ध होईस्तोवर गेलेल्याची पाळी कुणी घ्यायची नाही, ही त्यांच्या भावकीची रीत. त्या दिवशी मोटर बंद, पाणी निवांत. म्हणून तर गोटीरामांनी आजचा दिवस धरला होता.

"सूनबाई, पाणी किती हाय ते सांग. मंग उतरतो."

"थांबा आण्णा, चित्र चालतं करते."

"थेटर काढलं का काय ओट्यावर?" हसत हसत म्हातारा विहिरीकडं गेला.

खिडकी उघडी असतानाही शेल मोकळं ठेवणारी लायब्ररी, तयार प्रोग्रामचा संच, बसवलेलीच नव्हती. मंजुषानं ती बसवली, शेल नव्यानं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत आज्ञा दिली, की चित्र चालू राहू दे आणि शेलही मोकळं राहू दे. आलेख उघडला. शेजारी कर्सर पुढच्या ओळीसाठी लुकलुकत राहिला. नवे आकडे येतील तशी रेघ पुढं सरकू लागली, आणि माऊसनं ओढलं की मागचे दिवसही सरकून यायला लागले.

आजवर तिनं आपल्या पाळीच्याच दिवसांचे आलेख काढले होते. दुसऱ्याच्या पाळीत डोकावू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. या घरात राहून ते अंगात मुरलं होतं. आज हात जरा जास्त ओढला गेला आणि खंडेरावांचा दिवस समोर आला.

रेघ सपाट हवी होती. ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. मोटर ओढते तशी सरसर नाही. जरा खाली, थांबली. जरा खाली, थांबली. अगदी शेवटी बारीकसा उंचवटा. मंजुषानं त्यांचा मागचा दिवस ओढला. तसाच. त्याच्या मागचा. तोही तसाच.

मोटर आली तरी खंडेराव रोपांना बादलीनं शेंदूनच पाणी घालायचे. पाळी संपली की एक बादली परत विहिरीत ओतायचे. "पाजणारीला उपाशी ठिवू नाय," म्हणायचे.

आणि समोर चालती रेघ जरा खाली आली. थांबली. पुन्हा जरा खाली.

ती लॅपटॉप तसाच छातीशी धरून पळाली. गोटीराम लोखंडी शिडीवर अर्धे उतरले होते.

"आण्णा, वर या! पाणी कमी होतंय."

"फ्यूज माझ्या खिशात हाय. मशीन येडं झालं तुझं."

"मशीन राहू द्या. भिंत बघा."

पाण्यालगत दगडावर ओला पट्टा उघडा पडला होता, काळा, चकाकता. पाण्यावर तरंग नव्हता. रहाटाचा दोर तर खंडेरावांच्या दहाव्यालाच काढून टाकलेला. बघता बघता पट्टा आणखी बोटभर रुंद झाला.

खंडेरावांच्या पत्नी मालनबाई केव्हा काठावर येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

"भाऊजी, ते जिते असताना त्यांच्या पाळीत बोट बुडवायची छाती नव्हती तुमची. आता आख्खेच उतरता व्हय?"

"वहिनी, फुलं जातील हो."

"जाऊ द्या फुलं. तुम्ही ऱ्हा."

गोटीरामांचा पाय पुढच्या कांबीवर लोंबकळत राहिला. तेवढ्यात खाली डुबुक झालं. काही पडलेलं दिसलं नाही. मंजुषाच्या हातातली रेघ बारीकशी वर उचलली गेली आणि सपाट झाली.

म्हातारा वर आला. ओठ पांढरे पडले होते. "उद्या उतरतो," एवढंच म्हणाला आणि पाणी न मागता घरात गेला. मालनबाईंनी विहिरीकडं बघून पदर सारखा केला.

मंजुषा ओट्यावर परतली. खिडकी उघडी होती, शेल पुढची ओळ मागत होतं. तिनं एकच ओळ लिहिली. थोरल्यांचे दिवस वगळायचे. आलेखात दिवसाआड कोरी जागा पडली. त्या जागेत काय होतं ते तिनं पुन्हा उघडून पाहिलं नाही.

मालनबाईंनी मेथीच्या जुड्या तिच्या पुढ्यात आणून टाकल्या. मंजुषानं परात ओढली, मांडी घातली आणि देठ मोडायला लागली.