लसूणघासाचे देठ

गुरांच्या चाऱ्यात किती खनिजं आहेत हे तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरी दूध पिशवीतून येतं आणि समोरून गाय आली की मी अजूनही फूटपाथ बदलते. पण गाईने काय खावं यावर मला तासभर बोलता येतं. पुण्यात याला तज्ज्ञ म्हणतात.

माझा खास विषय लसूणघास. दिसायला मेथीसारखा, गुरांचा लाडका आणि कॅल्शियमने भरलेला. एकाच शेतातला घास हिवाळ्यात कापला आणि उन्हाळ्यात कापला, तर त्यातलं कॅल्शियम किती बदलतं हे मी शोधत होते. रविवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या एका गोठ्यावरून जुडी आणायची, घरच्या गॅलरीत सावलीला पेपरवर पसरायची आणि वाळली की प्रयोगशाळेत नेऊन दळायची, अशी माझी शास्त्रशुद्ध पद्धत. आकडे इतके देखणे आले की मीच हुरळले. हिवाळ्यात कॅल्शियम भरपूर, उन्हाळ्यात दाणकन खाली. उन्हाने देठ लवकर निबर होतात, पानं गळतात, असं कारणही हाताशी होतं. एका परिसंवादात निबंध वाचायचं ठरलं. साडी कोणती नेसायची हे निबंधाच्या आधी ठरलं.

तालमीला श्रोते म्हणजे बाबा. आई गेल्यापासून ते हिवाळ्यात कर्वेनगरला माझ्याकडे असायचे आणि होळी झाली की बंगळूरला भावाकडे जायचे. पुण्याचं ऊन त्यांना सोसत नाही, असं आम्हा भावंडांनी ठरवलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही घरी त्यांनी कधी कपाटात कपडे लावले नाहीत. सगळं एका निळ्या पिशवीत आणि पिशवी कॉटखाली. ती दिसली की मला वाईट वाटायचं. मग मी झाडू जरा लांबूनच फिरवायचे.

होळी तोंडावर आली होती. त्या सोमवारी तालमीसाठी अर्धा दिवस रजा टाकून घरी येत होते, तर आमच्या कोपऱ्यावर गाय बांधून चारा विकायला बसणाऱ्या बाईंनी हाक मारली.

“ताई, आजोबा आज आलं न्हाईत अजून. देठं आनायचं हाय ना?”

“कसली देठं?” मी सुरक्षित अंतरावरून विचारलं.

“घासाची की. दर सोमवारी निवडून आनत्यात. ही वाटच बघती.”

गाईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींत तिलाच जास्त माहिती होती.

बाबा हिवाळाभर माझा घास मेथीसारखा निवडत होते. पानं आणि कोवळे शेंडे पेपरवर, निबर देठ गाईला. कॅल्शियम असतं मुख्यतः पानांत. म्हणजे माझ्या निबंधातला हिवाळा म्हणजे बाबा पुण्यात, आणि उन्हाळा म्हणजे बाबा बंगळूरला. आणि इतक्या सोमवारांत एकदाही, जुडीतले देठ जातात कुठे, असा प्रश्न तज्ज्ञांना पडला नव्हता.

तणतणत घरी गेले. बाबा गॅलरीत मांडी घालून निवडतच होते.

“बाबा, हे काय चाललंय?”

“निवडतोय. तुझ्या आईला मेथी मीच निवडून द्यायचो. स्वयंपाकघरात बाकी कशाला हात लावू द्यायची नाही.” त्यांनी मान वर केली नाही. “तू घाईत असतेस, म्हटलं तेवढाच हातभार. नुसतं बसून खायला बरं वाटत नाही गं.”

चढलेला राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडूच आलं. आत जाऊन मी परिसंवादवाल्यांना फोन केला आणि निबंध मागे घेतला.

“काही अडचण आहे का मॅडम?”

“घरगुती,” मी म्हणाले. खोटं नव्हतं.

मग बाबांच्या शेजारी जाऊन बसले. “बाबा, यापुढे देठ गाईला द्यायचे नाहीत. पानं वेगळी, देठ वेगळे. मला दोन्ही तपासायचेत.”

“आणि गाईला काय सांगायचं?”

“ते तुमचं तुम्ही बघा. आणि उन्हाळ्यातला घासही तुम्हीच निवडायचा. तुलना करायची तर हात तोच लागतो.”

त्यांचे हात थांबले. “उन्हाळ्यात मी बंगळूरला असतो.”

“जाऊ नका,” मी म्हणाले. घासाची सबब पुरे झाली होती. “मला तुम्ही इथेच हवे आहात.”

त्यांनी हातातली काडी पूर्ण निवडली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले, कॉटखालची निळी पिशवी ओढून कपडे कॉटवर उपडे केले आणि रिकामी पिशवी आणून माझ्यापुढे धरली.

“देठांना ही होईल,” ते म्हणाले. “आणि कूलर बघून ठेव.”