मामांच्या हातचा घास

मामा एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या शवागारात कामाला होते. मेलेल्या माणसाला ताब्यात घ्यायचं, धुवायचं, पुसायचं, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची आणि नातेवाईक आले की चादर सारखी करून त्यांच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. सगळा दवाखाना त्यांना प्रेमानं मामा म्हणायचा. पण चहावाल्याकडे मामांचा कप मात्र वेगळा ठेवलेला असायचा. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नाही. लोक शहाणे असतात, असल्या गोष्टी ते न बोलता करतात.

मामांची एक खोड होती. दर महिन्याला कचेरीतून रबरी हातमोज्यांचं खोकं यायचं, ते मामा फोडायचेसुद्धा नाहीत, तसंच सफाईवाल्या बायकांना देऊन टाकायचे. मोठ्या डॉक्टरांनी चारदा झापलं, एकदा लेखी ताकीद दिली, पण मामांनी ऐकलं असेल तर शपथ. त्यांचं म्हणणं एकच, रबरातून माणूस कळत नाही. जाणाऱ्याला शेवटचा हात तरी खरा लागू दे. काम संपलं की तीनदा साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे, इतके की बोटांची सालं निघायची. आडमुठेपणा म्हणा हवं तर. पण ज्या माणसाला जगात मान म्हणून कुठं मिळाला नाही, त्यानं तो असा कुठंतरी शोधलेला असतो.

मग त्यांची बायको गेली. त्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, तीन दिवसांच्या तापानं. आता बघा, बायको गेलेल्या माणसानं बाहेर बाकावर बसून रडावं, दोन माणसांनी त्याला धरावं, पाणी पाजावं. पण शवागारात तर मामाच. दुसऱ्याच्या हाती तिला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तिला स्वतः धुतलं, केस विंचरून वेणी घातली, ओठाच्या कडेला आलेला फेस आपल्या अंगठ्यानं पुसला, मग पायावरची चादर टाचांखाली दोन्ही बाजूंनी घट्ट दुमडली, जशी ते सगळ्यांची दुमडायचे. वळून बघतात तर दारात लेक उभी. नऊ वर्षांची, पाठीवर दप्तर. शाळेतून बापाला शोधत थेट आत आली होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी मामांनी भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. पोरीनं बापाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं. आणि दात आवळून घेतले. मामा म्हणाले, "हात धुतलेत गं, पोरी." तिनं मान हलवली, पण तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून तिनं बापाच्या हातचं काही खाल्लं नाही. भांडली नाही, नाक मुरडलं नाही. भूक नाही म्हणायची, पोट दुखतंय म्हणायची. आधी शेजारीणबाईंनी ताट वाढलं, मग पोर स्वतःच रांधायला शिकली आणि बापालाही वाढू लागली. मामांनीही विषय काढला नाही. फक्त एक त्यांच्या ध्यानात आलं होतं, सालीची फळं ती खाते. केळं, संत्रं, जे आपल्या हातानं सोलता येतं ते. तेव्हापासून मामा सालीची फळं आणू लागले. सतरा वर्षं झाली या गोष्टीला.

लेक शिकली, मोठ्या शहरात नोकरीला लागली, तिथंच तिनं मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, त्याची आईही मोकळी, हसरी. मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, म्हणून तिनं मामांना बोलावून घेतलं. मामा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. एसटीत मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसलेल्या मामांच्या मनात एकच होतं. महिन्याभरात ती दुसऱ्या घरची होणार. त्याआधी एकदा, एकदाच, तिनं आपल्या हातचा घास घ्यावा. शवागाराचं नाव सुटलं, कपडे जाळले, वर्षभर त्या हातांनी फुलझाडांशिवाय कशाला शिवलेलं नाही. आता काय हरकत आहे?

लेकीनं खोलीवर त्यांच्यासाठी नवा सदरा आणून ठेवला होता, गादी घातली होती, दुखऱ्या गुडघ्याला लावायला तेलसुद्धा. माया नाही असं कोण म्हणेल? निघताना मात्र ती दारातच घुटमळली. जागा मुलानं आधीच ठरवून टाकली होती, भुताखेतांचं हॉटेल होतं म्हणे, शहरात सध्या त्याचंच वेड. आत कसं असतं ते तिला कालच कळलं होतं. नको असेल तर दुसरीकडे जाऊ, असं ती खाली बघत म्हणाली. मामा हसले. म्हणाले, त्यात काय एवढं, भुतांना मी नाही भ्यायचो, भुतंच मला ओळखतील.

दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि त्या हॉटेलाला दार कसलं, तर शीतगृहाला असतं तसं जाड लोखंडी. वर पाटी, शवागार. आत अंधार, निळे दिवे. एका भिंतीला दारूचा बार, आणि बाटल्या ठेवायला काय, तर मुडद्यांचे कप्पे. भिंतीवर रंगाचे लाल ओघळ, बसायला स्ट्रेचर, वाढायला ऑपरेशनचे असतात तसले वाकडे स्टीलचे ट्रे. वाढणाऱ्या मुली रक्ताचे डाग लावलेल्या नर्सच्या वेशात. मामांनी सगळीकडे नजर फिरवली. सांगाडा लटकत होता त्याच्या फासळ्या कमी होत्या. मधोमध एका ट्रॉलीवर पांढऱ्याफटक रंगाचा माणूस मेल्याचं सोंग घेऊन पडला होता, त्याची चिठ्ठी भलत्याच बोटाला. आमच्याकडे असा गचाळपणा चालला नसता, असं मामांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. लेकीनं या लोकांना वडील दवाखान्यात होते एवढंच सांगितलं होतं, पुढचं नाही. आणि मामांनाही ते बरोबरच वाटत होतं. एक गोष्ट तेवढी खरी होती तिथं, गारवा.

एका नर्सनं ट्रेमधून सगळ्यांना रबरी हातमोजे वाटले. इथं म्हणे हातमोजे घालूनच जेवायचं, तीच गंमत. होणाऱ्या विहीणबाईंनी हसत हसत घातले, जावयानं घातले, लेकीनं तर सगळ्यांच्या आधी. मामांनी आपले घडी करून ताटलीखाली सारले. जावई म्हणाला, घाला की बाबा. मामा म्हणाले, सवय नाही हो मला. आणि चमचा उचलला.

जेवण निम्म्यावर आलं आणि दिवे गेले. किंकाळी झाली, दिवे आले, आणि ट्रॉली यांच्याच टेबलापाशी ढकलून आणलेली, तिच्यावरचा मुडदा उठून बसलेला. विहीणबाई अशा किंचाळल्या की पाणी सांडलं, मग पोट धरून हसत सुटल्या. जावई हसला, शेजारची टेबलं हसली. मुडदा पुन्हा आडवा झाला. त्याची चादर सरकली होती, पाय उघडे पडले होते, गारठून निळसर झालेले. मामा उठले. काही ठरवून नाही हो, एकतीस वर्षांचा हात, तो काय विचारून उठतो? त्यांनी चादर पायांवर ओढली, दोन्ही बाजूंनी टाचांखाली घट्ट दुमडली आणि हळूच विचारलं, थंडी वाजते का? मुडदा डोळे मिटूनच पुटपुटला, वाजते काका.

विहीणबाईंना भारी कौतुक वाटलं. किती मायाळू आहेत तुझे बाबा, त्या म्हणाल्या. लेकीची नजर त्या दुमडलेल्या चादरीवर होती आणि तोंडावरचा रंग उतरला होता. मामांनी ते पाहिलं. अरे देवा, आपण हे काय करून बसलो?

तेवढ्यात केक आला, शवपेटीच्या आकाराचा. जावयानं कापला, लेकीला भरवला, लेकीनं त्याला. विहीणबाईंनी दोघांना भरवला. मग त्याच म्हणाल्या की आता बाबांनी लेकीला भरवायचं, फोटो काढते मी.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं समोर आलं, कुणी परक्या बाईनं सहज बोलून. मामा म्हणाले, थांबा, हात धुऊन येतो. नळाच्या खोलीतही त्या मेल्यांनी लाल दिवा लावलेला. मामांनी तीनदा साबण लावला, कोपरापर्यंत. दर वेळी बघावं तर हात लालच दिसत होते. चौथ्यांदा लावला. सदऱ्याच्या बाह्या भिजल्या. शेवटी रुमालानं पुसत, हात अंगापासून लांब धरून ते परत आले.

केकचा लहानसा तुकडा तोडला. मुद्दाम लहान, तिला एका घासात जावा असा. आणि तिच्या तोंडाशी नेला.

लेकीनं बापाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं. समोर विहीणबाई फोन रोखून उभ्या, जावई हसतोय. मामांना तिच्या जबड्याचं हाड गालाखाली ताठ झालेलं दिसलं. सव्वीस वर्षांची पोर, पण दारात दप्तर घेऊन उभी होती तीच. ती हसली. हसायचा प्रयत्न केला तिनं बिचारीनं.

"बाबा, हातमोजे घाला ना," ती म्हणाली. "सगळ्यांनी घातलेत."

सगळे हसले. बरोबर आहे, नियम म्हणजे नियम, बाबांनाच सूट कशाला! मामाही हसले. तुकडा खाली ठेवला, ताटलीखालचा हातमोजा काढला. ओल्या बोटांवर तो चढेना. जन्मात कधी घातला नव्हता, कसा ओढायचा तेही कळेना. विहीणबाईंनी पुढं होऊन, लहान मुलाला घालावा तसा, ओढून बसवला. मग मामांनी तुकडा पुन्हा उचलला. लेकीनं डोळे मिटून तोंड उघडलं आणि घास घेतला. चावला, गिळला. फोटो निघाला.

"गोड आहे, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. विहीणबाईंनाही भरून आलं, म्हणाल्या, बापलेकीचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी लेक स्टँडवर सोडायला आली. स्वतः करून डबा दिला, पोचल्यावर फोन करा म्हणाली, उरलेली संत्री मागून घेतली. गाडी सुटली. तासाभरानं मामांच्या फोनवर विहीणबाईंनी पाठवलेला फोटो आला. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी डोकावून बघितलं, लेक का, म्हणाल्या, किती प्रेमानं घास घेतेय. मामा हो म्हणाले.

मग ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत बसले. घास घेताना तिचे ओठ बोटांना लागले होते, फोटोत स्पष्ट दिसत होतं. हजारो अनोळखी माणसांचे ओठ त्यांनी या बोटांनी मिटले होते, ते सगळे कळले होते. लेकीचे ओठ ऊन होते की गार, तेवढं मात्र त्यांना कळलं नव्हतं.